उत्तर जुळवा आणि शास्त्रज्ञ व्हा

दर वर्षी २८ फेब्रुवारी जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "अरे, विज्ञान दिनाला भाषण हवंय. थोर शास्त्रज्ञांचे गुण. पाच मिनिटांचं. आहे का कोणाकडे?" मग अर्ध्या तासात तीन-चार भाषणं येऊन पडतात. सगळी सारखीच. तल्लख बुद्धिमत्ता, जिद्द, चिकाटी, अथक परिश्रम, साधी राहणी. नावं बदलली तर हेच भाषण क्रिकेटपटूला चालतं, उद्योजकाला चालतं, आणि स्पर्धा परीक्षा पास झालेल्या मुलाच्या सत्कारालाही चालतं. मग यात शास्त्रज्ञाचा म्हणून कुठला गुण सांगितला? माझ्या मते एकही नाही. आणि जो खरा गुण आहे तो मुलांमध्ये असलाच, तर अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत आपण तो पद्धतशीरपणे काढून टाकतो. आज त्याबद्दलच भांडायचं आहे.

आधी त्या यादीचा समाचार घेऊ.

बुद्धिमत्ता. १९२१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातली अतिशय हुशार मुलं बुद्ध्यंक चाचणीने निवडायला घेतली. सुमारे दीड हजार मुलं. त्यांचा पुढे आयुष्यभर पाठपुरावा झाला. त्यातली बरीच मुलं मोठी होऊन उत्तम डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली, पण नोबेल त्यातल्या एकालाही मिळालं नाही. गंमत अशी की चाचणीत कमी पडली म्हणून जी मुलं घेतली नव्हती, त्यातल्या दोघांना मिळालं. विल्यम शॉकली (१९५६) आणि लुईस अल्वारेझ (१९६८). आता दीड हजारांत एकही नोबेल नसणं यात तसं आश्चर्य काही नाही, नोबेल काय दर गल्लीत मिळतं का? पण चाळणीतून नेमके ते दोघे खाली पडावेत हे मला फार आवडतं. बुद्धी लागतेच हो, मठ्ठ माणसाने क्वांटम सिद्धांत मांडला असं कोणी म्हणत नाही. पण एका पातळीनंतर ती पुरवठ्याची गोष्ट आहे. गाडीत पेट्रोल हवं, पण गाडी कुठे जाणार हे पेट्रोल ठरवत नाही.

चिकाटी. हिच्याबद्दल तर मला विशेष राग आहे. फ्रान्समध्ये नॅन्सी शहरात रेने ब्लाँदलो नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. नावाजलेले, कष्टाळू, प्रामाणिक. १९०३ मध्ये त्यांनी 'एन-किरण' शोधून काढले. अंधाऱ्या खोलीत मंद ठिणगीचा उजेड किंचित वाढला की किरण आले, असा एकूण प्रकार. त्यांनी प्रयोगांमागून प्रयोग केले, निबंधांमागून निबंध लिहिले. फ्रान्समधल्या इतर अनेकांनाही ते किरण दिसायला लागले. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड बघायला गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला. त्या लोलकाशिवाय काहीच दिसायला नको होतं. ब्लाँदलोंना मात्र सगळं पहिल्यासारखंच दिसत राहिलं! चिकाटी, जिद्द, परिश्रम, यादीतले सगळे गुण शंभर टक्के हजर. आणि पदरात काय? नसलेले किरण.

म्हणजे चिकाटी ही रिकामी पिशवी आहे. तुम्ही तिच्यात काय घालता त्यावर सगळं.

मग तो गुण कुठला? मला त्याला एका शब्दात नाव देता येत नाही, म्हणून कदाचित तो भाषणांत येत नसेल. न जुळणारी गोष्ट न जुळणारीच आहे असं लिहून ठेवण्याची, आणि ती का जुळत नाही हे कळेपर्यंत स्वस्थ न बसण्याची खोड. खोडच म्हणतो मी. कारण आजूबाजूच्या लोकांना ती त्रासदायकच असते.

माझं आवडतं उदाहरण आहे झाँ रिशेचं. हे नाव कुठल्याच भाषणात नसतं. १६७२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या माणसाला दक्षिण अमेरिकेत कायेन नावाच्या बेटावर पाठवलं. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला. मुख्य काम मंगळाची निरीक्षणं घेण्याचं होतं, म्हणजे तिकडून आणि पॅरिसहून एकाच काळात मंगळ बघून त्याचं अंतर काढायचं. त्यासाठी वेळ नेमकी कळायला हवी, म्हणून बरोबर लंबकाचं घड्याळ. पॅरिसमध्ये ते व्यवस्थित लावलेलं होतं. कायेनला मात्र ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं.

आता विचार करा. महिनोन् महिने बोटीतून आलेलं घड्याळ. दमट हवा, उकाडा. घड्याळ मागे पडतंय, तर साधा माणूस काय करेल? लंबक थोडा आखूड करेल, घड्याळ ताऱ्यांशी जुळवून घेईल आणि मंगळाच्या कामाला लागेल. रिशेनेही लंबक आखूड केला, साधारण पावणेतीन मिलिमीटर. पण तो तिथे थांबला नाही. नेमका एक सेकंदाचा ठोका द्यायला लंबक किती लांब लागतो, हे त्याने दहा महिने मोजलं. आठवड्यामागून आठवडे, आणि दर आठवड्यात अनेकदा. आणि परत येऊन तसंच छापलं, की बुवा पॅरिसला एवढा लागतो आणि कायेनला एवढा कमी लागतो. पॅरिसमध्ये हे सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. मोजमापात चूक असेल, उष्णतेने धातू प्रसरण पावला असेल, अशा शंका निघाल्याच.

तिकडे इंग्लंडमध्ये न्यूटनने ते पावणेतीन मिलिमीटर उचलले. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त त्याचा युक्तिवाद असा, की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ती विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी असणार, त्यामुळे विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण थोडं कमी भरणार आणि लंबक हळू हलणार. रिशेचा लंबक हा त्याच्या हातातला पुरावा. पृथ्वीचा आकार एका मागे पडणाऱ्या घड्याळातून कळला, कारण एका माणसाने ते घड्याळ नुसतं नीट लावून सोडून दिलं नाही.

(रिशे पुढे प्रसिद्ध वगैरे काही झाला नाही. 'घवघवीत यश' ज्याला म्हणतात ते न्यूटनला मिळालं. ज्यांना यशाचाच मंत्र हवाय त्यांनी इथे नाराज व्हायला हरकत नाही.)

लंबकाचंच उदाहरण का घेतलं ते आता सांगतो. माझी भाची अकरावीला आहे. विज्ञान शाखा. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही काही एका कॉलेजची गोष्ट नाही. तिचा पहिल्या काही प्रयोगांतला एक प्रयोग म्हणजे साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढा, म्हणजे आपला तो 'जी'. दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं, सूत्रात घालायचं. तिचं उत्तर आलं ९.७४. तिने ते लिहिलं. जर्नल परत आलं तेव्हा त्याला लाल गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, '९.८ यायला हवे'. वर्गातल्या इतर सगळ्यांचं ९.८ किंवा ९.८१ आलेलं होतं. ते कसं आलं हे तुम्हाला मी सांगायला नको. उत्तर आधी लिहायचं, मग उलटं गणित करून सेकंद काढायचे, आणि ते अगदीच गुळगुळीत दिसू नयेत म्हणून दोन-तीन ठिकाणी शेवटचा आकडा इकडे-तिकडे करायचा. याला 'रीडिंग ॲडजस्ट करणं' म्हणतात. हे तंत्र दादाकडून ताईकडे आणि ताईकडून धाकट्या भावाकडे जातं, जुन्या जर्नलांबरोबर.

आता यातला विनोद बघा. पुण्यात 'जी'चं मूल्य ९.८१ नाहीच आहे! ते ९.८१ पॅरिस-लंडनकडचं. आपण विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. इथे ते येतं ९.७८ च्या आसपास. पॅरिसमध्ये बिनचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ शनिवारवाड्यापाशी आणून ठेवलंत, तर ते दिवसाला दोन मिनिटांच्या आसपास मागे पडेल. रिशेला कायेनला जे दिसलं तेच, थोडं कमी. म्हणजे ज्या फरकातून पृथ्वीचा आकार कळला, तो फरक आपण मुलांकडून खोडरबराने पुसून घेतो. तोही त्याच उपकरणाच्या प्रयोगात.

कोणी म्हणेल, कॉलेजच्या स्टॉपवॉचवर ९.७८ आणि ९.८१ मधला फरक कळतो कुठे? बरोबर आहे, नाहीच कळत. एक मीटर लांबीचा लंबक घेतला तर वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागतात, आणि हा फरक त्या चाळीस सेकंदांत एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका येतो. बटण दाबणाऱ्या अंगठ्याची चूकच त्याच्या चौपट असते. नेमकं तेच तर मुलांना शिकवायला हवं! अंगठ्याची चूक दोन दशांश सेकंद धरली तर उत्तरात साधारण एक टक्का इकडे-तिकडे होणार, म्हणजे भाचीचं उत्तर ९.७४ अधिक-उणे ०.१. खरं मूल्य त्यात आरामात बसतं. तिचं उत्तर बरोबर होतं. आणि शंका येण्यासारखं काही होतं तर ते वर्गातल्या बाकी सगळ्यांचं, कारण दोरा, गोळा आणि स्टॉपवॉच वापरून चाळीस मुलांचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत एकसारखं येऊच शकत नाही.

हे मी घरी बोललो तर एका वडीलधाऱ्यांनी (नाव नको, ते हे वाचणार आहेत) विचारलं, "म्हणजे काय, प्रत्येक वेडावाकडा आकडा देव्हाऱ्यात ठेवायचा का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर, नाही. न जुळणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मागे कचरा असतो. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाला स्वित्झर्लंडहून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगवान दिसले, सुमारे साठ नॅनोसेकंद आधी पोचलेले. त्यांनी महिनोन् महिने तपासलं, चूक सापडेना, तेव्हा जाहीर सांगितलं की आम्हाला असं दिसतंय, तुम्हीही तपासा. पुढच्या वर्षी कळलं, एक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. झालं. काही लोक हसले, पण मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आइन्स्टाइनच्या विरोधात जाणारा आकडा गुपचूप 'ॲडजस्ट' केला असता तर ती केबल सैलच राहिली असती, आणि तिच्यावरून आलेले पुढचे आकडेही चुकले असते. आकडा जपायचा म्हणजे त्याची पूजा करायची नाही. तो कचरा आहे की सोनं, हे कळेपर्यंत फेकायचा नाही, इतकंच. ब्लाँदलोंचं तिथेच चुकलं. त्यांनी जिवापाड जपलं ते आपल्याला हवं असलेलं. नको असलेलं शोधायला दुसऱ्याला यावं लागलं.

न्यूट्रिनोंचा विषय निघालाच आहे तर रेमंड डेव्हिस यांची गोष्ट सांगायलाच हवी. सूर्याच्या पोटात अणू एकत्र येऊन ऊर्जा होते, तेव्हा न्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात. ते जवळजवळ कशालाच अडत नाहीत. हे कण मोजायचे म्हणून अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक नावाच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर, डेव्हिसने एक टाकी बसवली. तीन लाख ऐंशी हजार लिटर. आत काय, तर कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात ते द्रव. त्यात क्लोरीन असतो. एखादा न्यूट्रिनो चुकूनमाकून क्लोरीनच्या अणूला धडकला की त्याचा आर्गॉन होतो. दर काही आठवड्यांनी टाकीतून हेलियम सोडायचा आणि तयार झालेले आर्गॉनचे अणू बाहेर काढून मोजायचे. किती? दोन दिवसांत सरासरी एक अणू. सहाशे टन द्रवात! सुई आणि गवताची गंजी वगैरे उपमा इथे फारच तोकड्या पडतात.

१९६८ मध्ये पहिले निकाल आले. जॉन बाकॉल यांनी सिद्धांतावरून जेवढे न्यूट्रिनो सांगितले होते त्यापेक्षा फारच कमी, आणि पुढे आकडा स्थिरावला तो साधारण एक तृतीयांशावर. आता सांगा, लोक काय म्हणाले असतील? अर्थात, डेव्हिसचं मोजणं चुकलं. एवढ्या टाकीतून एवढेसे अणू, अर्धेअधिक आतच राहत असणार. डेव्हिस रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी वाद घातला नाही. मोजून ठेवलेले आर्गॉनचे अणू मुद्दाम टाकीत सोडले आणि ते परत काढून दाखवले. आले. परत नवी शंका, परत नवी तपासणी. असं पंचवीस वर्षं. दर वेळी उत्तर तेच, एक तृतीयांश. चुकीचं उत्तर पंचवीस वर्षं लिहीत राहिला हा माणूस!

शेवटी निघालं काय? डेव्हिस बरोबर होते आणि बाकॉलही बरोबर होते. न्यूट्रिनो सूर्यापासून इथपर्यंत येताना वाटेत आपला प्रकार बदलतात, आणि डेव्हिसच्या टाकीला तीनांतला एकच प्रकार कळत होता. कॅनडातल्या सडबरी इथल्या प्रयोगाने २००१-०२ मध्ये यावर शिक्का मारला. न्यूट्रिनोंना वस्तुमान असतं हे त्यातून कळलं, ज्याला कणभौतिकीच्या मूळ आराखड्यात जागाच नव्हती. २००२ चं नोबेल डेव्हिसना मिळालं तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. इथे चिकाटी आहे की नाही? आहेच, ढीगभर आहे. पण ब्लाँदलोंची चिकाटी आणि डेव्हिसची चिकाटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डेव्हिस सगळा वेळ स्वतःची चूक शोधत होते.

आणि ज्यांच्या नावाने विज्ञान दिन साजरा होतो त्या रामन यांचं काय? भाषणात असतं की रामन यांनी समुद्राचा निळा रंग बघितला आणि त्यांना शोध लागला, जसं काही सफरचंदच पडलं. खरी मजा मधल्या सात वर्षांत आहे. १९२१ मध्ये बोटीवर त्यांनी काय केलं, तर समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचं मत तपासलं. परावर्तित प्रकाश अडवणारा निकोल लोलक डोळ्यापुढे धरला. प्रतिबिंब गेलं, निळा रंग गेला नाही. पुढे कलकत्त्यात, १९२३ मध्ये, त्यांचे विद्यार्थी रामनाथन द्रवांतून विखुरणारा प्रकाश तपासत होते. एक गाळणी प्रकाशाच्या वाटेत, दुसरी डोळ्यापुढे, दोन्ही अशा की एकीतून पार झालेलं दुसरीतून पार होऊच नये. तरी अगदी पुसट उजेड राहायचाच. अशुद्ध द्रव असेल, त्याची क्षीण प्रतिदीप्ती असेल, असं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. द्रव परत परत शुद्ध केला, उजेड हटेना. रामन यांचं समाधान होईना. तो पुसट उजेड त्यांनी नि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाच वर्षं डोक्यातून जाऊ दिला नाही, आणि १९२८ मध्ये कृष्णन यांच्यासोबत त्याचा छडा लावला. जर्नलमध्ये 'दोन गाळण्या, उजेड शून्य' एवढं लिहून मोकळं होणं किती सोपं होतं!

(रामन स्वतः परीक्षांत कायम पहिले यायचे, हेही खरं. तेव्हा पहिल्या नंबरवाल्यांनी एवढं मनाला लावून घेऊ नये. आणि ही खोड माणसाला सगळीकडेच असते असंही नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या संस्थेत घ्यायला हेच रामन तयार नव्हते, कारण त्या बाई होत्या. त्या अडून बसल्या म्हणून प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुसट उजेड दिसणाऱ्या डोळ्यांना समोर उभी असलेली विद्यार्थिनी सुरुवातीला दिसली नाही. तेव्हा थोर माणसाचे सगळेच गुण थोर, हेही भाषणातून काढून टाका.)

राहता राहिला मार्कांचा प्रश्न. भाचीच्या आईने तो लगेच विचारलाच, "तुझं सगळं पटलं रे, पण मार्क जातील त्याचं काय? बारावीला प्रॅक्टिकलचे तीस असतात." जातील. एक-दोन जातील, कदाचित. मी काही मुलीला हुतात्मा व्हायला सांगत नाहीये, आणि सोळा वर्षांच्या मुलीवर ही लढाई ढकलून आपण बाजूला बसणं मला मुळीच शोभणारं वाटत नाही. लढायचं ते आपण, मोठ्यांनी. आपल्या नात्यात आणि या ब्लॉगच्या वाचकांत मिळून निदान पाच-सहा जण विज्ञान शिकवतात, दोघं-तिघं एक्स्टर्नल म्हणून जातात. त्यांनी उत्तराला मार्क देणं थांबवावं. रीडिंगला द्यावेत, चूक किती असू शकते या अंदाजाला द्यावेत, आणि 'का जुळलं नाही' याच्या चार ओळींना सगळ्यात जास्त द्यावेत. 'आमच्या हातात काही नाही, वरून पद्धत ठरलेली आहे' हे मला सांगू नका. त्या लाल पेनने काय लिहायचं हे वरून ठरत नाही. यंदा एक्स्टर्नल म्हणून जाल तेव्हा ज्या जर्नलमध्ये सगळ्या रीडिंगांवरून बरोब्बर ९.८१ आलंय, त्या मुलाला एक दोरा आणि गोळा द्या, आणि म्हणा, "छान आलंय. आता माझ्यासमोर एकदा मोजून दाखव."